कांदाटी ते चांदोली: पाण्याआडची गावं

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून वर आलं की रस्ता जांभ्याच्या सड्यावरून पश्चिमेकडे धावू लागतो. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलांइतकीच माणसं असतात. आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरला होता, गवत वाळून तांबूस पडलं होतं आणि कुंपणाबाहेर एकही गाडी नव्हती. युनेस्कोने 2012 साली पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यात महाराष्ट्रातली चार आली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पहिली तीन सातारा-सांगलीच्या पश्चिम कडेला उत्तर-दक्षिण अशी लागून आहेत. आमचा मार्गही त्याच कडेने जाणार होता. पाहायची होती ती मात्र या हिरव्या पट्ट्यात अजून टिकून राहिलेली वस्ती.

कास तलाव मागे पडला की उतार लागतो आणि एका वळणावर खाली शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसतो. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, पण आपल्या इतर नद्यांसारखी लगेच पूर्वेची वाट धरत नाही. सह्याद्रीची मुख्य रांग आणि तिला समांतर जाणारी दुसरी रांग यांच्या मधल्या दरीतून ती सरळ दक्षिणेला वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला भेटते. अशी अरुंद, लांब दरी म्हणजे धरणासाठी आयती जागा. 1954 साली पायाभरणी झाली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढू लागलं. आज 103 मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे 105 टीएमसी पाणी साठतं आणि त्याची शेपटी पन्नास किलोमीटरहून लांब, पार तापोळ्याच्या वरपर्यंत जाते.

या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. त्या वेळी राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो 1976 साली आला. काही कुटुंबांना सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत जमिनी देऊन पाठवलं. काहींनी माळरानाची ती जमीन पाहिली आणि ते परत आले. पुष्कळजण तर गेलेच नाहीत. पाणी जसं वर आलं तसे तेही डोंगराच्या अंगाने वर सरकले आणि पाणी थांबलं तिथे त्यांनी घरं बांधली. आजची काठावरची बरीच गावं ही अशी सरकलेली गावं आहेत. भाताची सपाट खाचरं खाली बुडाली, वर राहिला तो उतार, दगड आणि जंगल.

बामणोलीच्या धक्क्यावर लाँचा उभ्या असतात. इथून पुढे पलीकडच्या तीरावरच्या गावांना जायला पाणी हाच रस्ता. बेटावरचं जगणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे इंडोनेशियासारखा देश येतो, जिथे हजारो बेटांवरची मुलं होडीने शाळेत जातात आणि डॉक्टर बोटीने येतो. तिथे बेटं समुद्राने केली. इथे पाठीला सह्याद्रीचा कडा, पुढ्यात धरणाचं पाणी आणि दोन्ही बाजूंना राखीव जंगल, अशी बेटं सरकारी योजनेने तयार झाली, तीही साताऱ्याच्या कलेक्टर कचेरीपासून जवळच. सुरुवातीला या गोष्टीचंच नवल वाटत राहतं. आपण दूर कुठे आलेलो नसतो, तरी पोचायला मात्र दिवस जातो.

लाँच सुटली तेव्हा आत तांदळाची पोती, पत्र्याचे दोन तुकडे, गॅसच्या टाक्या, माहेरी निघालेली एक बाई आणि मुंबईहून आलेले दोघे होते. बामणोलीच्या पुढे कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगम आहे, म्हणजे होता. आता तिथे तिन्ही दिशांना सारखंच पाणी दिसतं. चालकाला बुडालेली नदी ठाऊक होती. कुठे जुनं पात्र आहे, कुठे बांध आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर कुठे लाँच टेकते, हे तो न विचारता सांगत होता. मे महिन्यात पाणी खूप खाली गेलं की धक्का आणि गाव यांच्यामध्ये चिखलाचा मोठा उतार उघडा पडतो. मग आजारी माणसाला डोलीत घालून आधी तो उतार उतरवावा लागतो.

दवाखाने आहेत ते बामणोली आणि तापोळ्याला. जिल्हा परिषदेने या पाण्यावर तरंगता दवाखानाही चालवला. पण साप चावला किंवा बाळंतपण अडलं तर गणित वाऱ्यावर अवलंबून असतं. दुपारनंतर दरीतून वारा सुटला की छोटी होडी पाण्यात घालत नाहीत. पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस समोरचा तीर दिसत नाही. महाबळेश्वर-नवजाच्या या पट्ट्यात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणं नवलाचं नाही. म्हणून मे संपेपर्यंत घरात चार महिन्यांचं धान्य, मीठ, काड्यापेट्या, सरपण भरून ठेवायची रीत आहे. तिला ‘आगोट’ म्हणतात. शहरात हा शब्द विसरला गेला, इथे तो अजून कामाचा आहे.

उजव्या हाताला खिरखंडी दिसते. जावळी तालुक्यातली ही एवढीशी वाडी 2022 च्या जानेवारीत एकदम राज्यभर माहीत झाली. इथल्या शाळकरी मुली स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडायच्या आणि पुढे जंगलातली वाट तुडवत अंधारीच्या शाळेला जायच्या. वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली आणि सरकारला जाब विचारला. या गोष्टीकडे पाहणारा बाहेरचा माणूस मुलींच्या धाडसाचं कौतुक करतो. लाँचमधल्या बाईला त्यात कौतुकासारखं काही वाटत नव्हतं. ‘‘वल्हं मारायला काय, आम्हीबी मारलंय. पण आम्हाला साळा नव्हती म्हणून नाय गेलो. ह्यांना हाय, तर जायाला नको का?’’ असं ती म्हणाली. पुढचा भाग तिने सांगितला नाही, तो आम्हाला गावोगाव दिसला. पाचवीनंतर मूल शिकवायचं तर आईने त्याला घेऊन मेढा, सातारा किंवा मुंबई गाठायची. मूल गेलं की घराला कुलूप. गाव रिकामं होण्याची सुरुवात शाळेपासून होते, रस्त्यापासून नव्हे.

आणखी दक्षिणेला गेलं की पश्चिम तीरावर वासोट्याचा उंच कडा येतो. शिवाजी महाराजांनी 1656 साली चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली, त्यानंतर हा किल्लाही स्वराज्यात आला आणि व्याघ्रगड झाला. पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलिणीने हा गड बापू गोखल्यांविरुद्ध महिनोन्‌महिने लढवला, आणि 1818 साली इंग्रजी तोफांपुढे तो पडला. जावळीचं हे रान शत्रूला आत शिरायला कठीण म्हणूनच मोलाचं होतं. ज्या दुर्गमतेने एके काळी राज्य राखलं, तीच आता इथल्या माणसांच्या वाट्याला आलेली अडचण झाली आहे. गडाच्या पायथ्याची वस्तीही आता उठली. 1985 साली कोयना अभयारण्य झालं, 2010 साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि आतल्या गावांवर उठण्याची दुसरी पाळी आली. पहिल्यांदा पाण्यासाठी, दुसऱ्यांदा वाघासाठी.

लाँच उलटी वळवून आम्ही उत्तरेला कांदाटी खोऱ्याकडे निघालो. हे खोरं महाबळेश्वर तालुक्यात येतं. दरे तर्फ तांब, पिंपरी, आकल्पे, निवळी, लामज, वाघावळे, उचाट, सालोशी, वळवण, शिंदी अशी गावं नदीच्या दोन्ही अंगांना विखुरली आहेत. काठावरचं दरे हे एकनाथ शिंद्यांचं गाव. 30 जून 2022 रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि जिथे जायला लाँच लागते त्या गावी हेलिकॉप्टर उतरू लागलं. पण त्या नाट्यापेक्षा त्यांची मूळ गोष्टच या खोऱ्याची खरी गोष्ट आहे: घरची शेती पुरेना, म्हणून कुटुंब ठाण्याला गेलं आणि मुलगा रिक्षा चालवू लागला. कांदाटीतल्या प्रत्येक घरात ही गोष्ट थोड्या फरकाने ऐकू येते, फक्त शेवट निराळा असतो.

जावळी-पाटणच्या माणसांनी मुंबईत पाठीवर ओझी वाहिली. मस्जिद बंदरच्या धान्यबाजारातले, पुढे वाशीच्या मार्केटमधले माथाडी फार मोठ्या संख्येने या डोंगरातले. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना उभी केली आणि त्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा झाला. रोजंदारीच्या हमालाला मंडळाकडे नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना मिळवून देणारा तो कायदा देशात आपल्या प्रकारचा पहिलाच होता. एका गावच्या देवळाच्या ओट्यावर बसलेल्या निवृत्त माथाड्याने हा कायदा आम्हाला असा समजावून दिला की वकिलाने ऐकावं. त्यांच्या पेन्शनवर घर चालतं. शेतातलं पीक ते फायद्यात धरत नाहीत.

पीक म्हणजे काठाला थोडं भात आणि उतारावर नाचणी, वरी. राब भाजून, आलटून-पालटून डोंगराचा तुकडा कसायचा ही जुनी पद्धत. जंगलाचे नियम आले तशी ती आकसत गेली. जे पेरतात ते रानडुकरं आणि गवे ठेवत नाहीत. गव्यांचा कळप एका रात्रीत नाचणीचं अख्खं शेत तुडवतो आणि पंचनाम्यासाठी माणूस यायला पुन्हा लाँच हवी. पुढ्यात एवढं गोडं पाणी असून काठावरच्या बहुतेक शेतांना पावसाखेरीज पाणी नाही. उतारावर पाणी चढवायला मोटर, वीज आणि परवाना तिन्ही लागतं. अभयारण्याच्या पाण्यात मासेमारीलाही बंदी. म्हणजे या गावांना पाण्याचा उपयोग मुख्यतः एकच, त्यावरून जाणं. वरच्या सड्यांवर गवळी धनगरांचे वाडे आहेत. त्यांच्या म्हशी आणि दुधाचा व्यवहार अजून टिकून आहे, पण तरुण पोरं तिथूनही खाली उतरली आहेत.

खोऱ्याच्या वरच्या टोकाला, शिंदी-वळवणला पोचल्यावर दुसरं नवल समोर आलं. ही गावं सातारा जिल्ह्यातली, तालुका महाबळेश्वर, पण त्यांचा बाजार रत्नागिरीतल्या खेडला. रघुवीर घाट झाल्यापासून खेडची एसटी आकल्प्यापर्यंत येते आणि लग्नाचा बस्ता, दवाखाना, मच्छी, सगळं कोकणातून होतं. इथल्या बोलण्यातही कोकणी हेल आहे आणि सोयरिकीही घाटाखाली झालेल्या. घाट होण्याआधी माणसं चकदेवच्या कड्यावरून शिड्या उतरून आंबिवलीला जायची. त्या शिड्या अजून आहेत, फक्त आता त्यांवर गिर्यारोहक चढतात. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की बाजार तुटतो, आणि तालुक्याच्या कचेरीशी तर संबंध एरवीही बेताचाच असतो. नकाशावरच्या सीमेपेक्षा चालण्याच्या वाटेने माणसं कुठली ते ठरतं, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

गावांचा कारभारही असाच दोन ठिकाणी चालतो. प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ आहे. देवळाचा जीर्णोद्धार, पाण्याची टाकी, यात्रेची वर्गणी यांचे निर्णय तिथे एखाद्या खोलीत रविवारी होतात. चैत्र-वैशाखात ग्रामदेवतेच्या यात्रेला लाँचा भरभरून मुंबईकर येतात. पालखी, छबिना, रात्रीचा तमाशा, दुसऱ्या दिवशी मटणाचं जेवण, आणि तिसऱ्या दिवशी गाव पुन्हा म्हाताऱ्यांच्या हवाली. आम्ही पाहिलेल्या वाड्यांतली नवी, रंगीत, स्लॅबची घरं बहुतेक बंद होती. मातीच्या जुन्या घरांतून धूर येत होता.

तापोळ्याला परत आलो तर चित्र एकदम पालटलं. तंबूंची रिसॉर्टं, स्पीडबोटी, स्ट्रॉबेरीचे वाफे आणि ‘मिनी काश्मीर’च्या पाट्या. इथे वाहनंही तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात. आता आहीरपर्यंतचा मोठा केबलचा पूल उभा राहतो आहे. खोऱ्यातल्या माणसांना तो हवाच आहे. पण पुलाबरोबर काय येईल याचीही चाहूल लागली आहे. ‘नवीन महाबळेश्वर’ नावाच्या प्रकल्पासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं आणि पहिल्या आराखड्यात सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली 235 गावं आली. काठावरच्या जमिनीला शोधत येणारे दलाल आराखड्याच्या आधीच पोचले. ज्या घरात सातबाऱ्यावर अजून पणजोबाचं नाव आहे आणि वारस मुंबईत चार ठिकाणी आहेत, तिथे जमीन विकली जायला वेळ लागत नाही.

पर्यटनाने भलं होऊ शकतं, याचं उदाहरणही याच तालुक्यात आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे घरोघर सातेरी मधमाशांच्या पेट्या आहेत, मध महाबळेश्वरच्या मधोत्पादक सहकारी संस्थेसारख्या जुन्या व्यवस्थेतून विकला जातो आणि पाहुणा येतो तो ते पाहायला. धंदा गावकऱ्यांच्या हातातला आहे, त्याला जंगल तोडायला नको, उलट टिकवायला हवं. कांदाटीत मध, करवंद, जांभूळ, हिरडा कशाचीच वाण नाही. वाण आहे ती वर्षभर गावात राहणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसांची.

तापोळ्याहून आम्ही साताऱ्यामार्गे पाटण-कोयनानगर गाठलं. धरणाची भिंत समोरून पाहिली की तिच्यामागच्या शांत गावांचा विसर पडावा इतकी ती भव्य आहे. शिवसागरातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला पोफळी-अलोऱ्याकडे पडतं आणि सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॅट वीज तयार होते. कृष्णा लवादाने या पश्चिमेच्या वळवणीला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. 1999 आणि 2012 साली जलाशय रिकामा न करता तळातून बोगदा फोडण्याची ‘लेक टॅपिंग’ची कामगिरी इथे झाली. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात ती हीच कोयना. मागच्या तीरावरच्या वाड्यांना मात्र वीज पोचायला कित्येक वर्षं लागली, आणि आजही वादळात तार तुटली की जोडायला माणूस पाण्यावरूनच येतो.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे भूकंप झाला. कोयनानगर कोसळलं आणि पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. जलाशयाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपाचं हे जगातलं सर्वांत अभ्यासलेलं ठिकाण आहे. त्यासाठी कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा आहे, आणि गोठण्याला जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडलेलं आहे. 2021 च्या जुलैत अतिवृष्टीने याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वाड्यांवर डोंगर कोसळला. मिरगावसारख्या वस्तीत धरणग्रस्तांची पुढची पिढी राहत होती. धरणाने उठवलं, भूकंपाने पाडलं, दरडीने पुरलं. कोयनानगरला धरणग्रस्तांची ठिय्या आंदोलनं अलीकडेपर्यंत होत राहिली आणि श्रमिक मुक्ती दलाने भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली हा प्रश्न लावून धरला. साठ वर्षांनंतरही मागणी तीच: ठरलेली जमीन द्या.

कराडला कोयना-कृष्णेचा समोरासमोरचा संगम पाहून आम्ही सांगली जिल्ह्यात उतरलो आणि मग कळलं की हे पाणी पुढे काय करतं. उसाचा हिरवा समुद्र, साखर कारखाने, टेंभू-ताकारी-म्हैसाळच्या उपसा योजनांनी खानापूर, आटपाडी, जतच्या कोरड्या माळावर चढवलेली कृष्णा, आणि 2005, 2019, 2021 चे महापूर. वरच्या दरीतल्या गावांना पाणी सोडल्याचा भोंगा कधी ऐकावा लागत नाही. सांगलीकर मात्र पावसाळाभर कोयनेच्या विसर्गाचा आकडा विचारत असतात. लाभ आणि धोका दोन्ही खाली आले, वर उरली ती नुसती उंची.

शिराळ्यावरून वारणेच्या काठाने चांदोलीला गेलो. मणदूर हे जंगलाच्या तोंडाचं गाव. पुढे वारणेवरचा 34 टीएमसीचा वसंतसागर जलाशय आणि त्यामागे 2004 साली जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान. इथे कांदाटीच्या पुढचं पान वाचायला मिळतं. आतली गावं उठली आणि त्यांतली बरीच सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवर वसाहती करून राहिली. गायरानावरची चौकोनी आखणी, सिमेंटचे रस्ते, दारात नळ, शाळा चालण्याच्या अंतरावर. एका वसाहतीतल्या म्हातारबाबांना विचारलं, परत जावंसं वाटतं का? ते म्हणाले, ‘‘देव तिथंच हाईत, पण नातवंडं हितं शिकत्यात.’’ जमीन अर्धीच मिळाल्याची, मिळाली ती दगडाची असल्याची तक्रार त्यांनी त्याच दमात केली. त्यांच्या जुन्या शेतांत आता गवे चरतात, आणि 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून आणलेली वाघीणही या जंगलात आली आहे.

दोन्ही खोरी पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली. चांदोलीच्या लोकांना शाळा-दवाखाना मिळाला, पण जंगल, देव आणि निम्मी जमीन गमावून. कांदाटीच्या लोकांकडे हे सगळं आहे, पण शाळा-दवाखाना नाही. यातलं एकच काही निवडायला लावणं हा न्याय नव्हे. पूल होईल, रस्ते होतील, पाहुणे येतील, वाघही वाढेल. पण पूल पुरा होण्याआधी तीन कामं झाली पाहिजेत: पणजोबांच्या नावावरचे सातबारे वारसांच्या नावावर येणं, काठावरच्या मोठ्या गावात मुलामुलींसाठी वसतिगृहासह माध्यमिक शाळा, आणि बारमाही, सरकारी खर्चाने चालणारी रुग्णलाँच. यातल्या एकालाही केबलच्या पुलाइतका पैसा लागणार नाही. क्रम उलटा झाला तर पुलावरून आधी खरेदीदार आत येतील आणि गावकरी बाहेर जातील. धरणाच्या वेळी या माणसांना कोणी विचारलं नव्हतं, कारण कायदाच नव्हता. आता कायदा आहे, ग्रामसभा आहे, मुंबईतली मंडळं आहेत. निदान या वेळी तरी त्यांना आधी विचारलं पाहिजे.